आधी काय आलं

टक्. भाताच्या कुकरचं बटण वर आलं, आणि आतल्या खोलीत माझ्या मुलीने, मियोने, झोपेत पांघरूण झुगारून टाच चटईवर आपटली. धप्. टक् आधी, धप् नंतर, मधे अर्धा श्वास. मी टेबलापाशी बसले होते. टेबलाखाली माझी उजवी मूठ आपोआप मिटली. आउट. मग घर पुन्हा गप्प झालं. माझा नवरा र्योहेइ रविवारी दुकानात असतो, सहाशिवाय येत नाही. मियो पहाटे पाचला माझ्याबरोबर उठली होती, त्यामुळे दुपारची मेल्यासारखी झोपली होती. अशा झोपेतून मला मिळते ती एखादी तास-दीड तासाची चोरीची वेळ. एरवी मी ती कपड्यांच्या घड्यांत घालवते, किंवा नुसतीच बसून. आज समोर आमच्या बेसबॉल संघाची वही होती. सकाळच्या सामन्याचं पान भरून लीगच्या कमिटीला संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं. एक सोडून सगळे चौकोन भरलेले होते. सातवा डाव, तिसरा क्रमांक, कुसाका. त्या एका चौकोनात काय लिहायचं ते मला माहीत होतं, आणि गेला तासभर मी पेन्सिलीला टोक काढत होते.

पहिल्या बेसचा अंपायर चेंडूकडे बघत नाही. हे मला कुसाका-साननीच शिकवलं, नऊ वर्षांपूर्वी, नदीच्या बंधाऱ्याखालच्या ह्याच मैदानावर. मी कावासेमी संघात नवी होते. बॅटिंगचा सराव करायच्या जागी, नाणी टाकायच्या यंत्राशेजारी, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘सकाळच्या लीगसाठी एक माणूस कमी आहे. फेकता येत असेल तर या.’ शाळेत मी सॉफ्टबॉल खेळले होते, ऑफिसात दिवसभर बिलांवर शिक्के मारत होते, आणि कुणीतरी नुसतं ‘या’ म्हटलेलं बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं. गेले. टॅक्सी चालवणारे नागासे-सान मला वरून खालपर्यंत बघून म्हणाले होते, “चिठ्ठीत माणूस लिहिलं होतं ना रे?” आणि काचवाले कुसाका-सान, संघाचे कॅप्टन, चेंडू माझ्याकडे टाकत म्हणाले होते, “फेकता येतं का तेवढं बघ. बाकीचं तुझ्या टॅक्सीत बसल्यावर विचार.” मी फेकला. नागासे-साननी तो झेलला, हात झटकला आणि म्हणाले, “बरं, माणूस आहे.” त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही.

आमच्या लीगमध्ये पगारी अंपायर नसतात. कॅचरच्या मागे तिसऱ्याच, वाट बघत बसलेल्या संघातला कुणीतरी उभा राहतो, आणि बेसपाशी अंपायर म्हणून उभं राहायचं ते बॅटिंग करणाऱ्या संघातल्या कुणीतरी. म्हणजे आपलाच माणूस धावत येतो, आणि तो पोचला की नाही हे आपणच सांगायचं. ज्याची पाळी लांब असेल तो जातो. पहिल्या दिवशी माझी लांब होती. कुसाका-सान मला बेसपाशी घेऊन गेले आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून खाली वळवलं, लहान मुलाचं वळवतात तसं. “डोळे बेसवर. पाय कधी पडतो ते बघायचं. चेंडू बघायचा नाही, ऐकायचा. बेसवरच्या गड्याच्या ग्लोव्हमध्ये पट् होतं. आधी पट् आलं तर आउट, आधी पाय आला तर सेफ.” मी विचारलं, “आणि दोन्ही एकदम आलं तर?” “तर आउट.” “पण नियमात उलटं आहे, कुसाका-सान.” “नियम परक्या अंपायरसाठी. अंपायर आपला असेल तर आपला माणूस आउट.” आज बत्तीस वर्षं हा संघ असं खेळत आला आहे. म्हणून बत्तीस वर्षांत कावासेमीच्या अंपायरशी कुणी भांडलेलं नाही. समोरच्या संघातले नवे पोरगे हात उंचावून काही बोलायला लागले की त्यांचेच म्हातारे मागून ओरडत, “गप रे, कावासेमी आहेत ते.”

मी पोटुशी असताना सातव्या महिन्यापर्यंत त्या बेसपाशी उभी राहिले. धावता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं, म्हणून सगळ्या पाळ्यांना अंपायर मीच. नागासे-सान म्हणायचे, “हिच्या अंगावर कोणी आदळलं तर दोन आउट मोजायचे.” गवतावरचं दव बुटांतून मोज्यांत यायचं. मान खाली, नजर बेसच्या पांढऱ्या पोत्यावर, आणि पोटाच्या आत मियो. पट् झालं की ती आतून पाय मारायची. मला तेव्हा गंमत वाटायची, की ही पण ऐकते आहे, हिचा पण काही निर्णय आहे. ती झाल्यावर दोन वर्षं मी खेळले नाही. त्या दोन वर्षांतल्या दुपारी मला आता वेगवेगळ्या आठवत नाहीत, सगळी मिळून एकच लांब दुपार आठवते, दुधाच्या वासाची. पण रविवारी सहा वाजता मात्र मला जाग यायची, कुणी हाक न मारता. तिसऱ्या वर्षी कुसाका-साननी दारात येऊन माझा जुना ग्लोव्ह माझ्या हातात दिला. तेल लावून, चामड्याची दोरी नवी ओवून. “एक माणूस कमी आहे,” एवढंच म्हणाले.

मियोला चालता येऊ लागलं तेव्हा आम्ही खोलीच्या उंबऱ्यापासून स्वयंपाकघरातल्या उशीपर्यंत शर्यत लावायचो. मी उशीमागे गुडघ्यांवर बसून हात पसरायची, आणि ती पडत-धडपडत येऊन त्या हातांत शिरायची. नंतर तिने त्याचा खेळ केला. ती धावताना मी मधेच एकदा टाळी वाजवायची. टाळी आधी आली तर आउट. आउट झालेल्याने परत उंबऱ्यावर जाऊन बसायचं आणि विसापर्यंत मोजायचं, मग पुन्हा पाळी. तिला विसापर्यंतच येतं. चौदा ती दर वेळी गाळते. निर्णय तीच देते, आणि फार कडक देते. “आई, टाळी आधी होती. मी आउट,” असं म्हणून, मान ताठ ठेवून, उंबऱ्यावर जाऊन बसते. हे मी एकदा मैदानावर सांगितलं तर कुसाका-सान इतके खूश झाले की त्यांनी तिला संघाची टोपी दिली. ती तिच्या नाकापर्यंत येते.

कुसाका-सान चौसष्ट वर्षांचे आहेत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, तो मागच्या हिवाळ्यात गेला. उजवा गुडघा त्याच्या आधीच गेला होता. ते बॅट घेऊन निघाले की गुडघ्याचा कट् कट् असा आवाज आम्हाला बाकावर ऐकू येतो, त्यांना येत नाही. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. जूनमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर, सुमिए-सानसमोर, म्हणजे बायकोसमोर, जाहीर केलं की ह्या मोसमात एकदा जरी स्वतःच्या पायांनी पहिला बेस गाठला तर पुढच्या वर्षी नाव देणार, नाही गाठला तर वसंतात गुडघा कापायला देणार आणि पुन्हा मैदानावर बॅट धरणार नाही. नागासे-सान म्हणाले, “म्हाताऱ्या, जरा मोठी शर्त लाव की.” कुसाका-सान हसले नाहीत. जून गेला, जुलै गेला. सप्टेंबरात एकदा ते अर्ध्यातच थांबले, कंबरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत, जसं काही विमान बघायला थांबले असावेत. बाकावर सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले.

तीन आठवड्यांपूर्वी सुमिए-सान माझ्याशेजारी येऊन बसल्या. भाताचे गोळे कागदात गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “चिगुसा-सान, ते घरी कोणाचं ऐकत नाहीत. डॉक्टरचंही नाही. मैदानाचं तेवढं ऐकतात.” गोळ्याच्या कागदाची कडा दुमडून पुढे म्हणाल्या, “तुम्ही तिथे उभ्या असाल तेव्हा जे असेल तेच द्या. एवढंच मागते.” मला थोडा रागच आला. मी म्हटलं, “आमच्याकडे तेच देतात.” “माहीत आहे,” त्या म्हणाल्या, “तरी.” आणि मियोच्या हातात एक गोळा ठेवला.

आज मोसमातला शेवटचा सामना. शेवटचा, सातवा डाव, तीन-तीन धावा, दोन आउट झालेले (तिसरा झाला की डाव संपतो, आलेली धावही मोजत नाहीत), तिसऱ्या बेसवर नागासे-सान, आणि बॅटिंगला कुसाका-सान. माझी पाळी लांब होती, म्हणून मी पहिल्या बेसपाशी गेले. लाइनीच्या मागे चटईवर सुमिए-सान आणि नाकापर्यंत टोपी घातलेली मियो. नदीवर धुकं होतं, पलीकडच्या काठावरची गाडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. कुसाका-साननी दुसरा चेंडू मारला. जमिनीवरून गेला, सरळ दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या शॉर्टस्टॉपकडे. सोपा चेंडू. मी डोळे बेसवर ठेवले. नागासे-सान तिसऱ्या बेसकडून धावत येता येता ओरडत होते, “पळ म्हाताऱ्या! बायको मागे लागलीय असं समज!” गुडघा ऐकू येत होता. कट् कट् कट्. इतक्या जोरात मी तो कधी ऐकला नव्हता. आणि मग मी एक चूक केली. खेळायला लागल्यापासून जी केली नव्हती ती. मी वर बघितलं. ते तोंड उघडं ठेवून, दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे येत होते, म्हणजे बेसकडे, पण समोर मी होते. पट् झालं. मी ते स्वच्छ ऐकलं. मग एक लहानसा रिकामा क्षण आला, त्यात काहीच नव्हतं, धुकं होतं. मग पाय पडला.

आणि माझे हात उघडले. दोन्ही, खांद्याच्या रेषेत, पूर्ण.

सेफ देताना अंपायर हात पसरतो. पण मी सेफ दिला नाही, हे मला इथे, ह्या वहीत नाही तरी कुठेतरी लिहून ठेवायचं आहे. मी कोणताच निर्णय दिला नाही. कुणीतरी पडत-धडपडत माझ्याकडे येत होतं आणि माझे हात उघडले. गेली तीन वर्षं रोज ते असेच उघडतात. नंतर मी बघितलं तर ते हवेत होते, आणि बाकावरून सगळे ओरडत धावत येत होते, नागासे-सान घरच्या बेसवर उड्या मारत होते, चार-तीन, कावासेमी जिंकले. समोरच्या संघाचा पहिल्या बेसवरचा पोरगा, इकुता त्याचं नाव, ग्लोव्हमधल्या चेंडूकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, की हा काहीतरी बोलेल, ओरडेल, आणि मग मी आउटची मूठ वर करीन. त्याने टोपी काढली, किंचित वाकला आणि चेंडू नेऊन पिचरच्या हातात दिला. कावासेमीचा अंपायर होता ना.

कुसाका-सान बेसवर उभे होते, गुडघ्यावर हात ठेवून. श्वास परत आल्यावर म्हणाले, “झालं.” बाकी काही नाही. सुमिए-साननी चटई झटकली, घडी केली, नवऱ्याला “अभिनंदन” म्हटलं आणि उरलेला भाताचा गोळा मियोच्या खिशात घातला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. सायकलवर मागच्या सीटवर मियो नेहमी बडबडते. आज घरापर्यंत गप्प होती.

तीनला बेल वाजली. दारात कुसाका-सान, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच. ऑगस्टमध्ये मियोच्या चेंडूने न्हाणीघराच्या खिडकीची काच तडकली होती आणि दर रविवारी ते “पुढच्या रविवारी” म्हणत होते. “आज अंगात जोर आहे, म्हटलं लावूनच टाकू,” ते म्हणाले. मी म्हटलं, “मियो झोपली आहे.” “मी आवाज करतो का कधी?” असं मोठ्याने म्हणाले. मियो उठलीच. टोपी शोधून, घालून, न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली.

त्यांनी जुनी काच काढली, लाकडी चौकटीच्या खाचेतला भुसा पटाशीने खरवडला. नव्या काचेवर नखाने टिचकी मारली आणि उजवा कान जवळ नेला. “चांगली आहे. तडा असेल तर ती लपवत नाही, लगेच सांगते.” मग खिशातून एक कागद काढून माझ्याकडे दिला. “हे आधी घे. पुढच्या वर्षीच्या नावाचा फॉर्म. वही सांभाळणाऱ्याची सही लागते. निकाल पाठवलास ना?”

“नाही अजून.”

“सहा वाजेपर्यंत वेळ आहे, पण तू तर बाराला पाठवतेस.”

मी फॉर्म धरून उभी होते. त्यांचं नाव त्यांनी शाईने लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या मुलासारखं. ते काचेकडे वळून काम करत होते. पाठ माझ्याकडे, डावा कान माझ्याकडे. मला वाटलं, आत्ता ह्या कानात सांगून टाकावं. मग त्यांनीच मान वळवली.

“चिगुसा, शॉर्टस्टॉपकडून येणारा चेंडू माझ्या डावीकडून येतो. तिकडून मला काही ऐकू येत नाही. म्हणून तुला विचारतो. आधी काय आलं?”

नळाला थेंब धरला होता. मी नळ घट्ट फिरवला.

“चेंडू,” मी म्हटलं.

“किती?”

“अर्धा पाय.”

“हं.” त्यांनी पटाशी फडक्याला पुसली, दोन्ही बाजूंनी. “मलाही वाटलं होतं. सेफ देताना अंपायर हसत नाही. तू हसत होतीस.”

“मला माफ करा. मी मुद्दाम नाही... हात आपोआप...”

“माफी इकुताची माग. माझी कशाला? त्या पोराने टोपी काढली, बघितलंस ना? बत्तीस वर्षांची टोपी होती ती.” त्यांचा आवाज चढला होता. दारात मियो टोपीच्या आतून बघत होती, म्हणून त्यांनी तो खाली आणला. “त्यांच्या कॅप्टनला मी फोन करतो. तू वहीत आउट लिही. तीन-तीन, बरोबरी. कमिटीला तसंच पाठव. आणि इकुताला तू स्वतः जाऊन सांग. टपाल कचेरीच्या मागे त्यांची लॉन्ड्री आहे.”

“सांगते.”

“नागासे रडेल. चौथी धाव त्याची होती.”

ते पुन्हा खिडकीकडे वळले. काच खाचेत बसवली, खालून थोडी हलत होती. बोटाने दाबून बघितली, इकडेतिकडे काही शोधलं, मग न बघता माझ्यापुढे हात केला. मला आधी कळलं नाही. मग मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याची घडी केली, पुन्हा घडी केली, आठ पदरी बारीक पट्टी केली आणि काचेच्या खाली, चौकटीच्या फटीत सारली. काच हलायची थांबली. “लाकूड फुगलं की काढून टाक,” म्हणाले, “पावसाळ्यापर्यंत राहील.”

हत्यारं पिशवीत भरता भरता ते म्हणाले, “एक विचारू? आणि ह्याचं पण खरंच सांग.”

“विचारा.”

“जोरात पळालो होतो का मी?”

“हो,” मी म्हटलं. “खूप जोरात. एवढं जोरात मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.”

“बघितलं नव्हतं! अंपायरने बघायचंच नसतं, बाई. बेसकडे बघायचं.” आणि ते हसले, पहिल्यांदाच. जिना उतरताना गुडघा वाजत होता. मी खालच्या दारापर्यंत तो ऐकत राहिले. मग रस्त्यावरच्या आवाजांत तो मिसळला.

मी टेबलापाशी आले, चौकोनात लिहिलं. पेन्सिलीला टोक छान आलं होतं. बाकीच्या पानावर खोडाखोड नव्हती, फक्त चार खोडून तीन करावे लागले. निकाल पाठवला. साडेतीन झाले होते. सुमिए-सानना फोन करावा असं मनात आलं, आणि लगेच, काय सांगायला, असंही आलं. तुम्हाला हवं होतं ते दिलं, फक्त अर्धा दिवस उशिरा? मधल्या अर्ध्या दिवसात एक माणूस फॉर्म भरून, काच कापून, अंगात जोर घेऊन माझ्या घरापर्यंत आला होता. आउट मी तेव्हाच दिला असता तर त्याला तो मैदानावर मिळाला असता, सगळ्यांमध्ये, नागासे-सानच्या शिव्यांमध्ये. मी तो त्याला न्हाणीघरात दिला.

मियो उंबऱ्यावर येऊन बसली होती. “आजोबा आउट होते ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मला माहीत होतं. पट् आधी आलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू हात केले होतेस ना.” तिला ह्यात काही अवघड वाटलं नाही. टोपी वर सरकवून तिने मला नीट बघितलं. “मग आता ते उंबऱ्यावर बसणार?”

“हो. बसतील.”

तिने दोन्ही हातांची बोटं समोर धरली, मग पायांचीही बघितली, विसाच्या पुढे कुठे काही सापडतं का ते.

“आई,” ती म्हणाली, “त्यांनी कितीपर्यंत मोजायचं?”